चढावरचा थांबा

ती वळणावर पोहोचली आणि नवरा खडकावरून उठला.

"आलीस एकदाची! चल, निघू या."

"अहो, मी आत्ता पोहोचतेय."

"मी कधीचा बसलोय इथे. दृश्य तरी बघ काय आहे!"

दृश्य गेलं खड्ड्यात. तिचे गुडघे कुरकुरत होते, घाम डोळ्यांत उतरत होता आणि हा ताजातवाना होऊन चढाला लागलासुद्धा. सकाळपासून प्रत्येक वळणावर हेच चाललं होतं. यानं पुढे जाऊन ऐसपैस बसायचं, ती धापा टाकत आली की उठायचं आणि ती दम खाईपर्यंत पुढे निघून जायचं. आठवडाभर वॉर्डात पेशंटांमागे धावायचं आणि सुटीच्या दिवशी याच्यामागे.

पूर्वी असं नव्हतं. पूर्वी दोघं गप्पा मारत, एकमेकांची टर उडवत चढायची. हल्ली त्याला आपली सोबतच नकोशी झालीय, हे तिला आतून जाळत होतं. डोंगरावर ही शेवटची खेप, तिनं ठरवून टाकलं. यापुढे याचं हा बघेल, आपलं आपण.

पुढच्या वळणावर ती दिसताच तो पुन्हा उठला.

"बसा!" कॉटवरून उतरू पाहणाऱ्या पेशंटवर ओरडावं तशी ती ओरडली.

तो चटकन खाली बसला. ती न थांबता त्याच्यासमोरून पुढे गेली. रागानं पायांत बळ आलं होतं. माथ्यावर पोहोचून ती चांगली मांडी ठोकून बसली. येऊ दे आता. आला की लगेच उठायचं, कपडे झटकायचे आणि म्हणायचं, आलात एकदाचे? तिनं ते वाक्य मनात घोळवूनही पाहिलं.

तो येईना. शेवटी तिनं कडेला जाऊन खाली वाकून पाहिलं.

तो चार पावलं चढला आणि थांबला. कमरेवर हात ठेवून दरी बघू लागला. पुन्हा थोडा चढला, वाकून बुटाची नाडी बांधली. मग एका झाडाला टेकून ते झाड न्याहाळत उभा राहिला. तिचे पेशंट दम लागला की जिन्यात असेच थांबायचे, भिंतीवरच्या सूचना वाचत. त्यांची ही लबाडी तिला एका नजरेत कळायची.

ती मागे सरकून होती तिथे बसली.

तो वर आला. ओठ पांढरे पडले होते.

"काय दृश्य..." म्हणाला आणि श्वास घेऊन, "आहे."

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मला विचारताय? मला?"

तो शेजारी बसला.

"तू चिडली असतीस."

"चिडलेच आहे!"

तिचा आवाज फाटला. थोड्या वेळानं त्यानं सवयीनं गुडघ्यावर हात टेकला.

"चल, उतरू या."

तिनं त्याचं मनगट धरून त्याला खाली ओढलं.

"बसा. दृश्य बघा."

तो समोर बघत राहिला. तिची बोटं त्याच्या नाडीवरून हलली नाहीत.