उजवीकडचा ठोका

कोटाचं अस्तर मी शिवलंय. आधीच सांगून टाकते, कारण पुढे चूकही माझीच निघणार आहे.

माझी आत्या अंगाला जाणवणारी कला करते. नुसती बघायची नाही, चक्क अंगात घालायची! यावेळी कोट होता. अस्तरात, मोबाईल थरथरतो ना, तसल्या बटणाएवढ्या दोन मोटरी. एक आत्याच्या हृदयाच्या ठोक्यांवर चालते, दुसरी दातमावशीच्या. दातमावशी म्हणजे दातांची डॉक्टर, आत्याची जोडीदार. अकरा वर्षं एका घरात राहतात, तरी बाबा तिला ‘रूममेट’ म्हणतो. म्हणून आत्याने मला बजावलं होतं, "दादासमोर ठोके कुणाचे ते बोलायचं नाही. तमाशा नको."

प्रदर्शनाच्या सकाळी आत्या किंचाळली.

"दोन्ही डावीकडे सांगितल्या होत्या ना? हृदय उजवीकडे असतं का गं, शहाणे?"

मी एक डावीकडे, एक उजवीकडे लावली होती. दिसायला बरं म्हणून! आत्याने कात्री उचलली, पण उसवण्याआधी एकदा कोट चढवून पाहिला. आणि तशीच उभी राहिली.

"मिठी मारली की तिचे असेच लागतात," ती हळूच म्हणाली. "उजवीकडे."

मग काय, माझी कॉलर ताठ!

दुपारी बाबा आला. पोट आत घेऊन बटणं लावली, डोळे मिटले.

"डावीकडे तू. लहानपणी धावून आलीस की अशीच धडधडायचीस. पण उजवीकडे कोण?"

मी ओठ दाताखाली धरला. आत्याने दारातल्या दातमावशीकडे पाहिलं.

"माझी बायको, दादा. रूममेट नाही."

"मग इतकी वर्षं सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस कधी?"

बाबा कोट काढेना. उजव्या बाजूवर तळहात ठेवून म्हणाला, "हिचे ठोके फार सावकाश आहेत."

"तुझ्या बहिणीबरोबर राहायचं तर धीर लागतो," मी म्हटलं.

"गप गं, आगाऊ!" दोघं भावंडं एकदम. दातमावशी खो खो हसत सुटली.

मागे रांग वाढत होती. एक काका कुरकुरले, "अहो, आमचा नंबर कधी?"

"थांबा हो जरा," बाबा म्हणाला. "आमची आत्ताच ओळख झालीय."

रांगेतल्या एकेकाला गाठून मी सांगत सुटले, "ती माझी आत्या. आणि ती हसतेय ना, ती तिची बायको!"