मेतकुटाच्या पुडीसोबत आलेला कुडू

मित्रांनो, मी एक जुना कुडू आहे. खरं सांगायचं तर माझ्यातलं जेवढं उरलं तेवढाच, म्हणजे एक कवटी आणि तिच्यावरची दोन पिळदार शिंगं. हॉलंडमधल्या युट्रेख्टच्या एका निसर्गकेंद्रात, खिडकीजवळच्या टेबलावर मी असतो. शाळेची मुलं येतात, शिंगांवरून हात फिरवतात, एखादा आगाऊ माझ्या डोळ्याच्या खोबणीत बोटही घालतो. पूर्वी मी असल्यांना जवळपाससुद्धा फिरकू दिलं नसतं. आता चालवून घेतो.

माझा जन्म नामिबियातल्या काटेरी रानात झाला. कुडू म्हणजे हरणासारखाच, पण घोड्याएवढा उंच, अंगावर पांढऱ्या पट्ट्या असलेला प्राणी. लहानपणी माझ्या डोक्यावर नुसती बोटभर टोकं होती. त्यांना अडीच वेटोळी पडायला सहा पावसाळे जावे लागले. अहाहा, काय दिवस होते ते! थंडीच्या सकाळी आम्ही बाभळींचा पाला खात उन्हाला उभे राहायचो. माणसाच्या डोक्याएवढं उंच कुंपण मी उभ्या जागेवरून उडी मारून ओलांडायचो. आणि माझे कान! दोन टेकड्या पलीकडे काटकी मोडली तरी मला कळायचं. मित्रांनो, मला सगळ्यात जास्त आठवण येते ती माझ्या कानांची. ते इथवर आलेच नाहीत.

पुढे मी म्हातारा झालो. दात झिजले, कळपानं मला मागे टाकलं, आणि मी एकटाच एका कोरड्या ओढ्याच्या काठानं राहू लागलो. तिथेच मला श्रीकांतराव भेटले.

श्रीकांतराव कोल्हापूरकडचे, वय चौऱ्याहत्तर. लहानपणी ते वडिलांबरोबर शिकारीला जात, हाकारे घालत. पुढे भारतात शिकारीवर बंदी आली आणि घरातली बंदूक कायमची भिंतीवर गेली. पण म्हाताऱ्याच्या डोक्यातलं रान काही जाईना. त्यांचा मुलगा अजित हॉलंडमध्ये आइंडहोव्हनला मशिनं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्यानं हौसेनं वडिलांना नामिबियाच्या सफारीवर पाठवलं. परवाना काढलेला, म्हातारा नर नेमून दिलेला, सगळं कायद्यात बसवलेलं.

गोळी लागली तेव्हा फार दुखलं नाही, एवढंच सांगतो. पुढचं सगळं मला जास्त लक्षात आहे. श्रीकांतराव धापा टाकत माझ्यापाशी आले, बंदूक बाजूला ठेवली आणि मटकन खालीच बसले. माझ्या मानेवर हात ठेवून ते पोरासारखे रडले.

"चुकलं रे बाबा माझं," ते म्हणाले. "साठ वर्षं ज्याच्यासाठी झुरलो ते हेच होय? पण तुला वाया जाऊ देणार नाही. माझ्या लेकाच्या घरी मानानं ठेवीन. शब्द देतो तुला."

ती भाषा मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. पुढे ती मला चांगलीच कळायला लागली.

माझं मांस जवळच्या वस्तीनं वाटून नेलं. डोकं एका शेडमध्ये गेलं. तिथे तंगेनी नावाचा कारागीर काम करायचा. तो फार कमी बोलायचा, पण त्याच्या हाताला घाई अशी नव्हती. त्यानं मला उकळलं, घासलं, औषधाच्या पाण्यात बुडवलं, कवटी पांढरीशुभ्र केली आणि शिंगांना तेल लावून चमकवलं. "याचे वेढे बघा, असे क्वचित सापडतात," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. मी मनातल्या मनात फुशारलो, खोटं कशाला बोलू?

श्रीकांतराव तिथूनच परस्पर भारतात परतणार होते आणि माझी पेटी मात्र जहाजानं हॉलंडला जाणार होती. आता मित्रांनो, तुमच्याही घरची रीत तुम्हाला ठाऊकच असेल. कुणी परदेशी निघालं की त्याच्या हाती काहीतरी पुडकं दिल्याशिवाय आपल्या माणसांना चैन पडत नाही. मग तो निघालेला माणूस असो नाहीतर मेलेला कुडू! श्रीकांतरावांच्या बॅगेत घरून आणलेल्या मेतकुटाची एक पुडी शिल्लक होती. त्यांच्या सुनेला, नीलांबरीला, मेतकूट-भात जीव की प्राण.

"पेटी चाललीच आहे तिच्याकडे," ते तंगेनीला इंग्रजीत म्हणाले, "तर एवढं टाक की आत. फॉर माय डॉटर-इन-लॉ."

तंगेनीनं नकारार्थी मान हलवली. असं काही टाकायचं नसतं, हे त्याला माहीत होतं. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून त्याला नाही म्हणवेना. त्यानं पुडी माझ्या दोन शिंगांच्या मधे ठेवली, वर फळी ठोकली, आणि मी वॉल्व्हिस बे बंदरातून निघालो. अख्खा प्रवास मी हिंगाच्या वासात केला.

रॉटरडॅमला पेटी उघडली आणि गोंधळ उडाला. कागदांवर लिहिलं होतं, एक कवटी, दोन शिंगं. आत निघाली पिवळी पूड! हातमोजे घातलेली माणसं जमली, त्यांनी पुडी चिमट्यानं उचलून तपासायला पाठवली. माझ्या कपाळावर लाल चिकटपट्टी बसली आणि मला गोदामात मागच्या फळीवर ढकलून दिलं. तिथे मी अख्खा हिवाळा काढला. धूळ साचली, कोळ्यानं एका वेढ्यात घर केलं, आणि ज्या शिंगांचं कौतुक झालं त्यांच्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. त्या दिवसांत मला रान फार आठवायचं.

एप्रिलमध्ये श्रीकांतराव मुलाकडे आले आणि त्यांना, अजितला आणि नीलांबरीला जबाबासाठी बोलावणं आलं. मला टेबलावर मांडलं होतं. समोर तपासनीस बाई होत्या, सरळ बोलणाऱ्या आणि तशा वाईट नव्हत्या. त्यांनी नियम सांगितला. पूड खाण्याचीच आहे हे तपासात कळलंय. ती मालकाला न विचारता कुणी टाकली असेल, तर साफसफाई करून शिंगं मालकाला मिळतील, पण त्या शेडचा निर्यातीचा परवाना जाईल. मालकानंच ती टाकायला लावली असेल, तर शिंगं जप्त होतील आणि बहुतेक जाळली जातील.

अजित मराठीत हळूच म्हणाला, "बाबा, आम्हाला काहीच माहीत नाही, एवढंच म्हणा. पॅकिंगवाल्यानं टाकलं असेल. त्याला कुठे आपण पुन्हा भेटणार आहोत?"

श्रीकांतरावांनी माझ्याकडे बघितलं. मला दिलेला शब्द त्यांना आठवत होता. मलाही वाटलं, बोला हो आजोबा, एवढं एक खोटं बोला. जळून राख व्हायला कुणाला आवडतं? पण त्याच वेळी मला तंगेनीचे हात आठवले, आणि माझी मलाच लाज वाटली.

"अहो, काय बोलताय तुम्ही?" नीलांबरी नवऱ्याला म्हणाली. "हे मढं माझ्या घरात नको, असं मीच म्हणत होते. पण त्या माणसाच्या पोटावर पाय देऊन तर मुळीच नको. बाबांना बोलू दे."

"पुडी मी दिली," श्रीकांतराव बाईंना इंग्रजीत म्हणाले. "त्या माणसानं माझा मान राखला. चूक सगळी माझी आहे. लिहून घ्या."

त्यांनी सही केली तेव्हा अजितनं पुढे होऊन कागद धरला. "सॉरी बाबा," एवढंच तो म्हणाला.

पण नीलांबरी उठेना. "जाळलंच पाहिजे का?" तिनं बाईंना विचारलं. "कुणाला द्यायची काही सोय नाही?" बाईंनी थोडा विचार केला. जप्त केलेल्या काही कवट्या-शिंगं मुलांना शिकवायला देतात, पण त्यासाठी अर्ज लागतो, कुठल्या तरी केंद्रानं हो म्हणावं लागतं, असं त्या म्हणाल्या. नीलांबरीनं तिथेच बसून अर्ज भरला. पुढचे दोन महिने ती कामाच्या मधल्या सुट्टीत केंद्रांना फोन करत राहिली. जिला मी घरात नको होतो, तिनंच मला आगीतून बाहेर काढलं.

असा मी इथे आलो. वर्षभरानं श्रीकांतराव नातीबरोबर आले. भार्गवी नऊ वर्षांची. आजोबांचं मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर निघतं ते डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. शाळेच्या मुलांची रांग होती. म्हातारा त्या पोरांच्या मागे, टोपी हातात घेऊन, आपला नंबर येईपर्यंत उभा राहिला. आता त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी बोटांनी माझे वेढे चाचपले, एक, दोन, अडीच. मग माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

केंद्रातल्या ताईंनी मुलांना विचारलं, "ही शिंगं कुणाची, सांगा बरं?"

"माझ्या आजोबांची!" भार्गवी ऐटीत डचमध्ये ओरडली. सगळी मुलं वळून बघायला लागली. आजोबांनी काय झालं ते विचारलं, तिनं इंग्रजीत सांगितलं, "आय टोल्ड देम, दे आर युअर्स."

"नाही गं बाळा," श्रीकांतराव म्हणाले. "ती त्याचीच आहेत. माझी कधीच नव्हती. त्यांना सांग तसं."

भार्गवीनं आधी आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि वर्गाला तिनं ते डचमध्ये सांगितलं, अगदी हळू आवाजात.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझा त्यांच्यावरचा राग उरला नाही. तुम्ही कधी आमच्या रानात गेलात तर आम्हाला तिथेच बघा, पोटभर बघा आणि हात हलवत परत या. आणि माझ्यासारखा कुणी तुमच्या शाळेत, कुणाच्या भिंतीवर, एखाद्या माळ्यावर पडलेला दिसला, तर त्याच्यावरची धूळ तेवढी पुसा. पुसताना त्याला एकदा विचारा, तू कुठला रे? इतकी वर्षं त्याला हे कुणी विचारलेलंच नसतं.