चौथ्या धड्यापुढची पेन्सिल

अमरावतीत घरबसल्या फ्रेंच शिकणाऱ्यांची अवघी पिढी तिसऱ्या धड्याशी विसावली आहे. ओमप्रकाशभाऊंच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातील फ्रेंच स्वयंशिक्षक पुस्तकाची प्रत्येक प्रत तिथवर पेन्सिलीने भरलेली आणि पुढे शुभ्र असते. मी मात्र वर्षभर, मनातल्या मनात उच्चार करीत, शेवटच्या धड्यापर्यंत पोहोचलो होतो. पहिला भाग देऊन मला दुसरा हवा होता.

भाऊंनी पाने चाळली आणि कपाळाला हात लावला.

"काहून बाप्पा, सारंच लिहून टाकलं? आता हे कोन घेईन?"

"मी पूर्ण केलं, भाऊ."

"थेच तं! गिऱ्हाइकाले पुढचं कोरं लागते."

दुसरा भाग त्यांनी हातातून सोडला नाही. मी खोडरबर मागितला आणि बाकावर बसून चौथ्या धड्यापासून माझी फ्रेंच पुसू लागलो.