सासूबाईंची ट्रायल

साडूच्या नव्या गाडीतून मिस्त्रीला काय मिळणार होतं, याचा हिशेब मिस्त्रीच्या बायकोने केव्हाच मांडला होता. गाडी इंटरनेटला जोडलेली. कुठे काही दुखलं-खुपलं की मालकाने निवडलेल्या गॅरेजला आपणहून कळवणारी. साडूने गाडीतल्या पडद्यावर मिस्त्रीचं गॅरेज निवडलं, की त्याच्या रंगाच्या दुकानात रोज गप्पा छाटणारी मित्रमंडळीही तेच निवडणार. त्यांच्याकडेही तसल्याच गाड्या. म्हणजे गिऱ्हाइकांची वाट बघणं संपलं, वर माहेरी मान. बदल्यात काय, तर साडूचा उपदेश ऐकून घ्यायचा. तो मिस्त्री लग्नापासून फुकटच ऐकत होता.

बरेच आढेवेढे घेऊन साडूने एकदाचं गॅरेज निवडलं आणि गाडी आणून उभी केली.

"मागून टकटक येते. गाडी मात्र म्हणते, सगळं ठीक आहे."

"कधी येते?"

"मी एकटा असलो की नाही. घरचे मागे बसले की येते."

"मग घरच्यांचीच असेल."

साडू हसला नाही, म्हणून मिस्त्रीने मुकाट्याने संगणक जोडला. संगणकानेही गाडीचीच री ओढली. साडू दुकानावर गेला आणि मिस्त्री ट्रायलला निघाला.

आता ही ट्रायल काय प्रकार होता, ते सांगायला हवं. दुरुस्तीची प्रत्येक गाडी मिस्त्री एक चक्कर मारून आणायचा, आणि चक्कर कुठूनही सुरू झाली तरी बाजारावरूनच जायची. भाजी, साबण, शिवायला टाकलेले पडदे, सगळं लोकांच्या गाड्यांतून घरी यायचं. मिस्त्रीने स्वतःची गाडी घेतली नव्हती. गरजच पडली नव्हती. जुन्या गाड्या बिचाऱ्या मालकाला काही सांगत नसत.

या खेपेला कारण तरी खरं होतं. मागे वजन हवं होतं. वजन म्हणताच मिस्त्रीला सासूबाई आठवल्या. त्यांना चष्म्याच्या दुकानात न्यायचं टुमणं बायकोने लावलंच होतं. मागे सासूबाई बसल्या, त्यांच्या शेजारी बायको, आणि बाजारातून बटाट्याचं एक पोतंही चढलं.

तिकडे गाडीच्या मेसेजांनी साडूचा फोन वाजत राहिला. गाडी बाजारात. मागचं दार उघडं. मागे दोघीजणी, पट्टा एकीलाच.

गाडीच्या स्पीकरमधून साडू गरजला, "मिस्त्री! गाडी कुठाय?"

मिस्त्रीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गॅरेजमध्येच, साडूभाऊ. वर उचलून ठेवलीय. चाकं काढलीत."

"चाकं काढलेली गाडी चाळीसच्या वेगाने पळतेय?"

मिस्त्रीने वेग कमी केला. त्याने काही फरक पडला नाही.

"आत्ताच्या आत्ता तुझं गॅरेज गाडीतून काढून टाकतो. मंडळींनाही सांगतो."

बायकोचा चेहरा उतरला. सगळा हिशेब पाण्यात चालला होता. तेवढ्यात सासूबाई मान वळवून मागे बघत म्हणाल्या, "कुठून बोलताय, जावईबापू? डिकीत बसलात का?"

"आई? तुम्ही?"

"मीच. छान आहे हो गाडी. घेऊन तीन महिने झाले म्हणे. गादी मऊ आहे ते मला आज कळलं."

"तुम्हाला न्यायचंच होतं, आई..."

"मग काय, रस्ता सापडत नव्हता?"

गतिरोधक आला. मागून टकटक झाली, स्वच्छ, मोठी. पडद्यावर दिवा लागला: मागचा शॉक ॲब्सॉर्बर तपासा.

"मलाही मेसेज आलाय," साडू म्हणाला. आवाज बराच खाली आला होता.

"बघा! त्यासाठीच आईंना बसवलंय," मिस्त्री खुशीत म्हणाला. "एवढं वजन दुसरं कुठून आणू?"

बायकोने डोळे मिटून घेतले.

"कशासाठी बसवलंय?" सासूबाईंनी विचारलं.

शेवटी निवाडा सासूबाईंनीच दिला. गॅरेज कुणी काढायचं नाही. पण टकटक परत येते का, ते दर आठवड्याला बघायचं. मागे त्या बसतील. गाडी मालक चालवेल, मिस्त्री पुढे बसून ऐकेल.

"आणि मी?" बायकोने विचारलं.

"तू बस की माझ्याशेजारी. पट्टा लाव म्हणजे झालं."

शॉक ॲब्सॉर्बर कंपनीने वॉरंटीत दिला. मजुरी मिस्त्रीने सोडली, चष्मा आणि पेट्रोल साडूने सोसलं. त्याच्या मंडळींच्या गाड्याही आल्या. पण प्रत्येकाचा डोळा फोनवरच्या नकाशावर, त्यामुळे मिस्त्रीची ट्रायल आता चौकापर्यंत जाते आणि सरळ परत येते. सासूबाईंना दोन जावई दिमतीला मिळाले, खर्च काही नाही. बायकोने सगळं पुन्हा जुळवून पाहिलं, आणि दर बाजारच्या दिवशी बटाट्याचं पोतं मिस्त्रीच्या खांद्यावर दिलं.