बसवलेले पाय

रुइलानने फोटो पुढ्यात धरला तेव्हा बाबांच्या, तोंग दशानच्या, तोंडात मक्याच्या भाकरीचा घास होता.

"हाच तो पक्षी, बाबा. बारा कोटी वर्षांपूर्वीचा. परवा बीजिंगला सगळ्यांसमोर मांडायचाय."

दलालाकडून जप्त झालेली ही जीवाश्माची शिळा रुइलानच्या संग्रहालयात आली आणि तिने तिच्यावर दोन वर्षं घालवली. दगड करड्या थरातला, म्हणजे थंडीच्या काळातला. पक्ष्याच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं. हवा गारठली तशी पक्ष्यांच्या पायांवर पिसं आली, असं तिचं म्हणणं होतं. या शिळेखेरीज तिच्याकडे दुसरा पुरावा नव्हता.

तोंग दशानने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तो खो खो हसत सुटला.

"अगं, हे पाय मी बसवलेत!"

"काय?"

"आपल्याच खड्ड्यात निघाला होता हा. गुडघ्याखाली काही नव्हतंच. लंगडा पक्षी कोण घेणार? मागच्या टेकडीवरचे पाय घरात पडले होते, दिले जोडून."

शब्द कानावर पडत होते, पण आत जात नव्हते. "मी क्ष-किरणांत पाहिलंय. तिथे नुसती दगडाची जुनी भेग आहे."

"भेगेवरच सांधा घ्यायचा असतो, शहाणे! दगडाची पूड, सरस, वरून चहाचं पाणी. तीस वर्षांत कुणाच्या बापाला ओळखता आलं नाही."

"मागच्या टेकडीचा कुठला थर?"

"वरचा. तांबूस."

तांबूस थर उबदार काळातला. पिसं उबेतल्या पक्ष्याची होती. थंडीतल्या पक्ष्याला पायच नव्हते.

बाबांचं हसू विरलं. "पोरी, काय झालं?"

"हा एक पक्षी नाहीये, बाबा. दोन आहेत." तिने संचालकांचा नंबर काढला. "परवाचं रद्द करायला सांगते."

"माझं नाव घेशील?" अशीच शिळा विकल्याबद्दल शेजारचा एक जण अजून तुरुंगात होता.

"न घेता कसं सांगू? पुरावा काय देऊ?"

पलीकडे घंटी वाजत होती. दशानने वाटी बाजूला सारली, हात सदऱ्याला पुसले.

"दे फोन इकडे," तो म्हणाला. "सांधा कुठून कुठवर आहे, ते तुला नाही सांगता यायचं."