होनोलुलूचा शुक्रवार

आमच्या बेटांच्या देशात, मुलिफानुआच्या बोटींच्या धक्क्यावर, तिकिटाच्या खिडकीला लागूनच तुमेमाचं टेबल होतं. परदेशी पाहुण्यांना माहिती देणं हे तिचं काम. रविवारी दुकानं बंद असतात. समुद्रात उतरायचं तर आधी गावाला विचारा. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजला की गावातून फिरू नका. कुणाच्या घरी चटईवर बसलात तर पाय पसरू नका. आणि अमेरिकेकडून आलेला कुणी दिसला की ती हसत विचारायची, "आज वार कोणता?" तो हमखास एक दिवस मागचा वार सांगायचा.

तिकीटवाला तिची थट्टा करायचा, "साऱ्या जगाला वार शिकवतेस, जरा नवऱ्यालाही शिकव. त्याचा रविवार बुधवारपर्यंत चालतो."

तुमेमाचे वडील सेमीसी पलीकडच्या सवाईच्या बेटावर आमच्याच गावात राहायचे, आमच्या शेजारच्या घरात. घराण्याचे मताई, म्हणजे प्रमुख, तेच. म्हातारपणी गुडघे गेले, तेव्हा त्यांनी ठरवलं की जिवंतपणीच घराण्याचं नाव, म्हणजे ते प्रमुखपद, मुलाच्या हाती द्यायचं. मुलगा आपेलू बरीच वर्षं होनोलुलूत बांधकामावर होता. आपल्या देशाने पंचांगातला एक दिवस गाळून तारखेची रेघ ओलांडली, त्याच्याही आधी तो गेला होता. मधे एकदाही आला नव्हता. चुलत घरातल्या लोकांना हे नाव त्यांच्या पेसामिनोसाठी हवं होतं. पेसामिनो गावातच राहायचा, सगळ्यांच्या उपयोगी पडायचा. तरी सेमीसींनी महिनोन्‌महिने बैठका घेऊन सगळ्यांना राजी केलं. विधी शनिवारी सकाळी ठरला.

आपेलूने फोनवर सांगितलं, "ताई, शुक्रवारी दुपारी निघतो, रात्री तुझ्यापुढे हजर. यावेळी कायमचा येतोय. पांढरा सदरासुद्धा शिवून घेतलाय."

"मापाचा शिवलायस ना? तिकडे पोट सुटलं असेल."

"तू भेट, मग बोल!"

तुमेमा हसली आणि तिने फोन ठेवला. परक्यांना विचारते तो प्रश्न भावाला विचारायचं तिला सुचलंच नाही. आपलाच माणूस, आपल्याच घरी येणार, त्याला काय विचारायचं?

शुक्रवारी संध्याकाळी ती फुलांचा हार घेऊन विमानतळावर गेली. दारावरचा शिपाई म्हणाला, "होनोलुलूचं? ते उद्या रात्री येतं बाई. आज कुठलं?"

तिथल्याच बाकावर बसून तिने भावाला फोन लावला.

"काय गं ताई? बॅग भरतोय."

"आपेलू, इथे आज शुक्रवार आहे."

"इथे गुरुवार. उद्या निघतोच आहे ना मी..." बोलता बोलता तो थांबला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी शनिवारी रात्री पोचणार."

"आज दुसरं विमान नाही का रे कुठलं?"

"नाही गं."

"तुला ठाऊक होतं ना, वार बदलले ते?"

"ठाऊक होतं. पण माझ्या डोक्यातलं घर अजून जुन्याच वारावर आहे."

वडिलांना सांगायचं काम तुमेमावर आलं. सेमीसींनी ऐकून घेतलं आणि फोन शेजारच्या माणसाच्या हातात दिला. तोपर्यंत दुसऱ्या गावांचे वक्ते विधीसाठी येऊन उतरले होते, डुकरं कापून झाली होती, भट्टीचे दगड रचले होते. सकाळी सेमीसी काठी टेकत भर सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "उद्याचा रविवार देवाचा. सोमवारपर्यंत थांबा."

चुलत घरातली एक म्हातारी खांबाला टेकून बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "ज्याला गावात आज कोणता वार आहे हे ठाऊक नाही, तो गाव काय सांभाळणार?"

सभेत कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे खाली बघत राहिले आणि सेमीसी हळूहळू खाली बसले. पेसामिनो म्हणाला, "काका, मला नको हे अशा रीतीने." त्याचा आवाज खरा होता, मी समोरच बसलो होतो. पण घराण्याने एकदा तोंड उघडलं होतं, आता थांबायला कुणी तयार नव्हतं. दुपार व्हायच्या आत नाव पेसामिनोला मिळालं. विधीच्या पेयाची, अव्याची, वाटी त्याच्या हातात गेली तेव्हा सेमीसींनी रीतीप्रमाणे टाळ्या वाजवल्या.

रविवारी दुपारच्या बोटीने बहीणभाऊ आले. आपेलूच्या अंगावर पांढरा सदरा होता, पोटावर जरा ताणलेला. तुमेमा वाटभर एकच म्हणत होती, "मी विचारायला हवं होतं रे."

"तू कशाला? घर माझं होतं," तो म्हणाला.

वडिलांसमोर तो मांडी घालून, मान खाली घालून बसला. सेमीसींनी काठी बाजूला ठेवली.

"जेवलास?"

"नाही, बाबा."

"आत जा. काल तुझ्यासाठी वाढून ठेवलं होतं, ते कुत्र्यांना गेलं. आज नुसता तारोचा कंद आहे."

एवढंच. रागावले असते तर त्याला माफी तरी मागता आली असती. त्याने तारो खाल्ला, थाळी स्वतः धुतली आणि मागे जाऊन नारळाच्या बुंध्याला कपाळ टेकून उभा राहिला.

तो आठवडाभर राहिला. रोज सकाळी वडिलांच्या मळ्यात तण उपटायचा. सेमीसी काठावर बसून बघायचे. मी एकदा विचारलं, "कायमचा येणार होतास ना?"

"कुठल्या तोंडाने राहू?" तो म्हणाला. "रस्त्यात पेसामिनो भेटला की तो माझी नजर चुकवतो आणि मी त्याची. तो बिचारा नावाचा मालक होऊनही चोरासारखा वागतो. हे मी त्याच्यावर किती दिवस लादू?"

तो गेला त्या सकाळी सेमीसी चटईवरून उठले नाहीत. बोट सुटून गेल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "तण निघालं का रे सगळं?"

"निघालं, काका."

"पोरगा कामाला चांगला होता," ते म्हणाले, आणि कूस बदलून समुद्राकडे पाठ केली.