डब्यातली बडीशेप

राजूरच्या बाजारपेठेत गोरक्षनाथाची पिठाची गिरणी आहे आणि गोरक्षनाथाला दमा आहे. यातली पहिली गोष्ट आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना माहीत होती. दुसरी फक्त त्याला आणि संगमनेरच्या डॉक्टरला. बायकोलासुद्धा त्याने पत्ता लागू दिला नव्हता. आता गिरणीवाल्याला दमा होणं यात लाजण्यासारखं काय, असं आपण म्हणू. पण गोरक्षनाथ वाघाला भ्याला नसता इतका चारचौघांच्या बोलण्याला भ्यायचा. दम्याच्या पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही, असं त्याने पारावर कितीदा तरी ऐकलं होतं. त्यात घरात एकुलती एक लेक. उद्या तिला बघायला आलेले पाहुणे म्हणाले, घराण्यात दमा आहे, तर?

लेक सातवीत होती, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

तर तो निळा पंप गिरणीच्या मागच्या खोलीत, जात्याला टाकी लावायच्या छिन्न्यांच्या डब्यात असायचा. छाती भरून आली की गोरक्षनाथ "पट्टा बघून येतो" म्हणून आत जायचा, दार लोटायचा, पंप ओढायचा आणि तोंड पुसत बाहेर यायचा. गोरखभाऊ मशीनला लई जपतो, असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणायची.

होळीच्या आठवड्यात रेश्मा शाळेतून आली ती डोक्यात मधुवंती मॅडमचा अख्खा तास घेऊनच. जेवायला बसल्याबसल्या तिने बापाची परीक्षा सुरू केली.

"पप्पा, वेप म्हंजी काय, म्हाईत हाय का?"

"न्हाई बा."

"पेनासारखं आसतं, न्हाईतर पेनड्राइव्हसारखं. तोंडाला लावून वढायचं. आंब्याचा, स्ट्रॉबेरीचा वास येतो. पोरांना वाटतं नुसती वाफ हाय, पर आत निकोटीन आसतं. तंबाखूत आसतं तेच. बंदी हाय, तरी लोक चोरून आणत्यात."

"मग वळखायचं कसं गं?"

"मॅडम म्हणल्या, जे लपून वढावं लागतं ते व्यसन समजायचं."

गोरक्षनाथाने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून मान डोलावली. मॅडमचं बोलणं त्याला अगदी पटलं. त्या बोलण्याशी आपलं काही नातं आहे, हे त्या भोळ्या माणसाच्या ध्यानीमनी नव्हतं. रेश्मा मात्र बापाच्या तोंडाकडे बघत राहिली.

पुढे ती जरा विचित्रच वागायला लागली. दोरीवर वाळत घालायचा बापाचा शर्ट आधी हुंगून बघायची. एकदा गिरणीत येऊन म्हणाली, "पप्पा, तुमाला कसलं टेन्शन हाय का? तलफ आली ना, की बडीशेप चघळायची." गोरक्षनाथाने जन्मात सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. पोरगी बापाची काळजी करते म्हणून तो मनातल्या मनात फुलून गेला.

होळीच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानावर दरवर्षी व्यसनांची होळी होते. पोरं घरून गुटख्याच्या पुड्या, बिड्यांची बंडलं, तंबाखूचे बटवे मागून आणतात आणि सगळे मिळून जाळतात. त्या होळीला लाकडं गोरक्षनाथच देतो. यंदाही सकाळीच देऊन आला होता.

गिरणीत पुरणपोळीच्या गव्हाची रांग लागलेली. पिठाच्या धुरळ्यात त्याची छाती आवळायला लागली. "पट्टा बघून येतो," म्हणत तो आत गेला आणि त्याने डबा उघडला. छिन्न्या होत्या, पंप नव्हता. पंपाच्या जागी कागदाची एक पुडी होती. त्याने ती उलगडली. आत बडीशेप होती.

त्याला क्षणात सगळं कळलं. दाराच्या फटीतून कुणी पाहिलं ते, शर्ट का हुंगला ते, आणि पंप आत्ता कुठे आहे तेही. त्याने पुडी खिशात टाकली, गिरणी बंद केली आणि काही न सांगता रस्त्याला लागला. शाळा समोरच्याच चढावर, पण आज तो चढ काही केल्या संपेना.

मैदानावर होळी पेटली होती. सातवीचा वर्ग गोल उभा होता आणि रेश्मा सगळ्यांच्या पुढे, मुठीत निळा पंप घट्ट धरून. तिच्याने तो टाकवत नव्हता. तेवढ्यात तिला धापा टाकत येणारा बाप दिसला. पप्पा आपलं व्यसन परत न्यायला आले, असं वाटून तिचे डोळे भरून आले आणि तिने हात जाळावर धरला.

गोरक्षनाथाला ओरडायचं होतं, पण आवाजाला वाराच नव्हता. सगळी शाळा बघत होती. कुंपणापाशी उभ्या बायकाही बघत होत्या. त्याने गुडघ्यांवर हात टेकले आणि इतकी वर्षं गिळलेले शब्द बाहेर काढले.

"दमा हाय... मला."

मधुवंती मॅडम धावल्या. रेश्माच्या मुठीतला पंप घेऊन त्यांनी त्याच्या हातात दिला. गोरक्षनाथ शाळेच्या पायरीवर बसला आणि सगळ्यांदेखत त्याने पंप ओढला. थोड्या वेळाने खांदे खाली आले.

"चूक माझी आहे," मॅडम मुलांकडे वळून म्हणाल्या. "मी अर्धंच सांगितलं. हे डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे. औषध कुणी लपवायचं नसतं." मग गोरक्षनाथाकडे बघून म्हणाल्या, "मोठ्यांनीही."

रेश्मा बापाशेजारी येऊन बसली. तिला हुंदका आवरत नव्हता.

"मग लपवलं कशापायी?"

"तुझ्या लग्नात कुनी आडवं येऊ ने म्हनून."

"पप्पा, मी सातवीत हाय."

तो हसायला गेला आणि रडला. आपला जीव आपल्यालाही नव्हता इतका या पोरीला प्यारा आहे, हे त्याला त्या पायरीवर बसून कळलं. तिच्या पाठीवरून तो पिठाचा हात फिरवत राहिला.

आता पंप गिरणीत वजनकाट्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला असतो. छाती भरली की गोरक्षनाथ सगळ्यांसमोर ओढतो, आणि कुणी विचारलं तर दळण थांबवून समजावून सांगतो. छिन्न्यांच्या डब्यात मात्र ती बडीशेपेची पुडी तशीच आहे. कधीतरी तो "पट्टा बघून येतो" म्हणून आत जातो, दार लोटतो, डबा उघडून पुडी नुसती हातात धरतो आणि डोळे पुसत बाहेर येतो.